दोराची आतली बाजू

देवबागच्या तेजस्वीला लहानपणापासून एक खोड होती, आणि ती घरच्यांनी वेळीच मोडायला हवी होती असं शेजारीपाजारी अजूनही म्हणतात. ती प्रश्न विचारायची. तसं सगळीच मुलं विचारतात, पण उत्तर मिळालं की खेळायला पळतात. ही पळत नसे. होडीला रंग देणाऱ्याला ‘रंग कित्याक लावतास?’ असं विचारून झालं की ‘मगे नाळेकडसून सुरवात कित्याक?’, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासूनच का, असं विचारायची, आणि चाळीस वर्षं होड्या रंगवणारा माणूस ब्रश डब्यात ठेवून तिच्याकडे बघत बसायचा. त्यानं आजवर तसा विचारच केलेला नसायचा.

अशा मुलीनं डॉक्टर व्हावं असं तिच्या बापसाला वाटलं, यात नवल काही नाही. जितेंद्र, तिचा बापूस, रापणीतला वाटेकरी. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ करत जाळं सोडायचं, त्याचे दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि माणसांच्या दोन रांगांनी ते ओढत ओढत जाळं वाळूवर घ्यायचं. पर्यटकांसाठी घरामागे दोन खोल्याही त्यानं बांधल्या होत्या, पण कोणी धंदा विचारला तर तो रापणच सांगायचा. मुलीच्या बाबतीत त्याचं म्हणणं साधं होतं.

“देवबागेत आपलो एक डॉक्टर नाय,” तो म्हणायचा. “पावसात रस्त्यार पाणी इला काय माणसान मालवणाक जावचा कसा? तू डॉक्टर हो. माजा दुसरा काय एक म्हणणा नाय.”

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर गाव. तिथं हाकेच्या अंतरावर डॉक्टर असणं ही चैन नव्हे. तेजस्वीलाही ते पटत होतं. म्हणूनच तिची पंचाईत झाली.

दुसऱ्या प्रयत्नात तिला नीटमध्ये बरे गुण मिळाले. बरे म्हणजे एमबीबीएसला कमी आणि बाकीच्याला बहुधा पुरतील असे, म्हणजे माणसाला सुखानं झोपू न देणारे. आयुर्वेद होतं, होमिओपॅथी होती, नर्सिंग होतं, फिजिओथेरपी होती. नातेवाइकांना एकाएकी सगळ्यातलं सगळं कळायला लागलं. तेजस्वीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग दोनशे पानी वही काढली आणि ठरवलं की आपण जाऊन बघायचं. आणि विचारायचं.

प्रश्न तिनं एकच ठरवला होता, आणि तो मला अजूनही फार आवडतो. ‘तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला?’ चांगला भाग कोणीही सांगतो, असं तिचं म्हणणं. पण चांगलं काही आठवड्यातून एकदा घडतं आणि कंटाळवाणं रोज. म्हणजे जे रोज करायचं तेच आपल्याला झेपतंय का, हे आधी बघायला नको?

पहिल्यांदा ती गेली डॉक्टर गुरुप्रसादांकडे. तारकर्लीच्या रस्त्याला त्यांचा दवाखाना. बीएएमएस करून पंचवीस वर्षं तिथंच बसलेले, हाताला गुण असलेला माणूस. प्रश्न ऐकून ते खळखळून हसले.

“दाखले,” ते म्हणाले. “रजेचे दाखले, शाळेचे दाखले, पोहायला तंदुरुस्त असल्याचे दाखले. आणि खरं सांगू? ताप. आयुष्यात हजारो ताप बघितले. त्यातला शंभरातला एक वेगळा असतो, आणि तो ओळखण्यासाठी उरलेले नव्व्याण्णव तेवढ्याच लक्ष देऊन बघावे लागतात. तेवढं जमलं की झालीस डॉक्टर.”

तेजस्वी त्यांच्याकडे दिवसभर स्टुलावर बसली. त्यांच्याबद्दलचा तिचा आदर दुपटीनं वाढला. पण साडेचारला आपण घड्याळ बघितलं, हे तिनं वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

मग आरोग्य केंद्रातल्या सत्यवती सिस्टर. त्यांनी तिला उत्तर दिलं नाही, सरळ कपाट उघडून रजिस्टरं दाखवली. एका बाळाला एक डोस दिला की तो चार ठिकाणी लिहायचा आणि वर मोबाईलमध्ये भरायचा. “बाळ रडून गप होता, माजा लिवणा चालूच,” असं म्हणून त्या पुढच्या बाळाकडे वळल्या. तेजस्वीनं तिथं घड्याळ तीनदा बघितलं.

शेवटी ती मालवणात अपेक्षाताईंकडे गेली. फिजिओथेरपिस्ट. दोन खोल्यांची जागा, त्यात एक टेबल, भिंतीला टांगलेल्या दोऱ्या-कप्प्या आणि पिवळा मोठा चेंडू. त्यांचं उत्तर चटकन आलं.

“मोजणं. दहा वेळा हात वर, दहा वेळा खाली. मी दिवसभर एक ते दहा म्हणते. लोक घरी जाऊन काहीच करत नाहीत, परत आले की पुन्हा एक ते दहा.”

तेजस्वी तिथंही दिवसभर बसली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. कारण तिला कंटाळा येईना. एक ते दहा सारखे नव्हतेच मुळी! एका बाईंचा हात चौथ्या वेळेला सगळ्यात वर जायचा आणि मग उतरत यायचा. एक गृहस्थ हात वर नेताना कंबरच वाकडी करायचे आणि हात वर गेला असं स्वतःला समजावायचे. सहा वाजता अपेक्षाताई दिवे मालवायला लागल्या तेव्हा ही विचारत होती, “पण ते कंबर का वाकवतात? त्यांना कळतं का, की आपण वाकवतोय?”

त्याच दिवशी तिथं बाबूकाका भेटला. जितेंद्रचा जुना सोबती, रापणीतला उत्तरेच्या दोराचा माणूस. उजवा खांदा धरलेला.

“हात वर कर बगया, बाबूकाका,” बाहेर आल्यावर तेजस्वी म्हणाली.

बाबूचा हात खांद्याइतका आला आणि थांबला. “थंयच अडाकता. ती बाय म्हणता, भितीक हात लावन बोटांनी वर वर चढवचो. मी काय पाल आसंय?”

“खंयच्या बाजूक दुखता?”

“उजव्या. आमच्या दोरार सगळ्यांचो उजवोच दुखता.”

बाबू ते सहज बोलून गेला आणि वडापाव खायला गेला. तेजस्वी मात्र रस्त्यातच उभी राहिली.

पुढचे आठ दिवस तिनं गावाला सळो की पळो करून सोडलं. रापणीत हात लावणाऱ्या एकतीस जणांना गाठून तिनं तोच प्रश्न विचारला. उत्तरेचा दोर आणि दक्षिणेचा दोर यांची घरं ठरलेली असतात. आजा ज्या दोराला तिथंच नातू. एकोणीस जणांचा खांदा दुखत होता. उत्तरेच्या अकरांपैकी दहांचा उजवा आणि दक्षिणेच्या आठच्या आठांचा डावा. अकरावा माडावरून पडलेला निघाला, त्याला तिनं वगळलं.

मग ती वाळूत बसून ओढणं बघायला लागली, आणि कारण समोरच होतं. समुद्राकडे तोंड करून माणसं मागे मागे जातात. दोन दोर, दोन रांगा. पण दोन्ही रांगा दोराच्या बाहेरच्या अंगाला उभ्या राहतात. दोन दोरांच्या मध्ये, जाळ्याच्या बाजूला, कोणी पाय ठेवत नाही. म्हणजे उत्तरेवाल्यांचा दोर कायम डाव्या हाताला आणि त्यांचा उजवा हात छातीवरून आडवा ताणलेला. दक्षिणेवाल्यांचं बरोबर उलट. रोज तेच, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच.

“आतल्या अंगाक कित्याक उभी रवनास नाय?” असं ती विचारत सुटली. रापणीचे तांडेल, म्हणजे सगळ्यांना हाळी देणारे म्होरके, म्हणाले, “आत उभो रवलो तर मासो फिरता.” बाबू म्हणाला, “माजो बापूस भायर उभो रवायचो.” एक म्हातारी म्हणाली, आत साडी भिजते. एकाच गोष्टीची तीन कारणं मिळाली की तेजस्वीला ती गोष्ट सोडवत नसे.

सोमवारी आयुर्वेदाची यादी लागली. घाटावरच्या एका बऱ्या कॉलेजात तिचं नाव होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. फिजिओथेरपीची यादी लागायची होती, आणि तिच्यात नाव येईल याची खात्री कोणी देत नव्हतं. जितेंद्रनं वाडीत पेढे वाटले. सुगंधानं, तिच्या आईनं, नवी बॅग आणली. तेजस्वीनं एक पेढा खाल्ला आणि वही घेऊन किनाऱ्यावर गेली.

गुरुवारी तिनं जे केलं ते करायला नको होतं. तिनं बाबूला गाठलं आणि म्हणाली, “बाबूकाका, आज एक दिस दोराच्या आत उभो रव. उजवो हात मोकळो होतलो. कोणाक सांगू नको.”

बाबूचा खांदा आदल्या दिवशी फार ठणकला होता. नाहीतर तो ऐकता ना.

सकाळी जाळं टाकलं तेव्हा पाण्यावर तारली माशांच्या थव्याचा काळा डाग स्पष्ट दिसत होता. आठवड्यात असा मासा आला नव्हता, सगळ्यांच्या अंगात बळ चढलेलं. दोर ताणले, तांडेलांनी हाळी दिली, आणि बाबू गुपचूप दोराखालून वाकून आत गेला. पहिल्या पाच-सहा हिसक्यांना त्याचा चेहरा असा काही उजळला की लांबून बघणारी तेजस्वी उठून उभी राहिली. मग दोर हलायला लागला. सगळे बाहेरून ओढताहेत आणि एकटा आतून. बाबूच्या पुढचा गडी मागे पाऊल टाकताना दोर जिकडे सरकेल असं धरून चालत होता तिकडे दोर सरकलाच नाही. तोल जाऊन तो गडी आपल्या मागच्यावर आदळला. दोघं वाळूत बसले, तिसरा अडखळला. उत्तरेची रांग थांबली आणि दक्षिणेची, जितेंद्र सगळ्यात पुढे असलेली, ओढतच राहिली. जाळ्याचं तोंड तिरकं झालं, उत्तरेचा पंख, म्हणजे जाळ्याची त्या बाजूची भिंत, सैल पडला, आणि सगळ्या गावाच्या देखत तो काळा डाग त्या सैल बाजूनं निवांत बाहेर पडून मालवणच्या दिशेनं गेला.

जाळ्यात आल्या दोन टोपल्या पेडवे, म्हणजे बारीक मासळी, आणि बरीचशी जेलीफिश.

बाबूनं तिचं नाव सांगितलं नाही. पण तेजस्वीला नुसतं गप्प उभं राहणं जमेना, ती स्वतःच पुढे गेली आणि म्हणाली, मी सांगितलं होतं. तांडेलांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “जितू,” ते म्हणाले, “चेडवाक उद्या कॉलेजात पोचय. हयसर आमका शिकलेला माणूस नको.”

जितेंद्र मान खाली घालून दोर गुंडाळत होता. घरी आल्यावर तो सरळ जाळं शिवायला बसला. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. ती मागीलदारी जाऊन रडली. खरं रडली, हुंदके देऊन. तिच्यामुळं चाळीस घरांचा मासा गेला होता. पण रडता रडता मध्येच ती थांबली. म्हणजे आत उभं राहिलं की मासा फिरतो, हे खरंच होतं! तांडेलांना कारण माहीत नव्हतं, पण कोणातरी आज्याच्या आज्यानं हा तिरका झालेला पंख बघितलेला असणार. नाक पुसून तिनं अपेक्षाताईंना फोन लावला.

अपेक्षाताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. “तू माणूस बघितलास, रांग नाही बघितलीस,” त्या म्हणाल्या. “आणि न विचारता प्रयोग केलास, ते तर साफ चूक. कोणाचा हात मोडला असता म्हणजे?” मग त्या म्हणाल्या, “तेजस्वी, माझ्याकडे दहा वर्षं हे खांदे येतात. टेबलावर झोपलेले येतात. ते कुठल्या दोराचे, हे मी एकदाही विचारलं नाही गं.”

शुक्रवारी सकाळी साडेसातची गाडी होती. त्यानंतरची पोचेपर्यंत कॉलेज बंद झालं असतं. बापूस आणि लेक स्कूटरवरून मालवणच्या स्टँडवर आले. बाकावर बसल्यावर तिनं कागदपत्रांची फाईल मांडीवर घेतली आणि समोरच्या वेळापत्रकाकडे बघत म्हणाली, “बाबा, मी थंय जावचंय नाय.”

“काय?”

“फिजिओथेरपीची यादी लागाची आसा. मी तिची वाट बगतंय.”

“आणि तेच्यात नाव नाय इला तर?”

“तर ठाव नाय.”

जितेंद्रचा आवाज चढला. बाजूच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. “काल रापण बुडयलंस, आता वरीस बुडय! गावाक डॉक्टर होयो, गे. ताप इलेल्या माणसाक तू काय हात वर कर म्हणान सांगतलंस?”

“गावाक डॉक्टर होयोच,” तेजस्वी म्हणाली. “आणि तो ताप बगताना घड्याळ बगणारो नको. मी बगलंय, बाबा. मी वायट डॉक्टर होयन. लोक माका डॉक्टर बाय, डॉक्टर बाय करीत येतले आणि मी मनात कंटाळलेली असतलंय.”

गाडी फलाटाला लागली. कंडक्टर खाली उतरून चहाला गेला.

“त्या बाबूचो हात तू बरो करतलंस?”

“ठाव नाय.”

“मगे?”

“म्हणानच शिकूचा आसा.”

माणसं गाडीत चढायला लागली. मग तिच्याकडे न बघता, आवाज अगदी खाली आणून त्यानं विचारलं, “तुज्या वहीत माज्या नावाफुडे काय लिवलंस?”

“काय दुखणा नाय म्हणान.”

“खोटा आसा ता.”

तेजस्वीनं मान वळवली.

“डावो खांदो,” जितेंद्र म्हणाला. “तीन वर्सा झाली. तुज्या आवशीक सांगू नको. दक्षिणेच्या दोरार पयलो हात माजो. कळला तर माका मागे घालतले.”

तीन वर्षं! एका घरात राहून, रोज ताटाला ताट लावून जेवून, हिला दिसलं नव्हतं. एकतीस माणसांना विचारलं आणि पहिलंच उत्तर खोटं मिळालं, आणि ते तिनं तपासलं नाही, कारण ते बापसाचं होतं. तिला एकदम आठवायला लागलं की गेले कितीतरी दिवस बाबा अंघोळीनंतर पाठ नीट पुसतच नाहीत, ओल्या पाठीवरच शर्ट घालतात. तिला वाटायचं, घाई असते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या आधीच तिच्या तोंडून प्रश्न निघाला.

“शर्ट घालताना आदी खंयचो हात घालतंस?”

“डावो.”

“डाव्या कुशीर निजाक गावता?”

“नाय.”

“आणि दुखणा खंयसून सुरू होता? खांद्यातसून काय मानेतसून?”

“तसा कोणी इचारूकच नाय,” जितेंद्र म्हणाला, आणि विचार करायला लागला.

कंडक्टरनं घंटा दिली. गाडी मागे आली, वळली आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. तेजस्वीनं फाईल बाकावर ठेवली आणि ती बापसाच्या समोर उभी राहिली.

“हात वर कर, बाबा.”

“हयसर? लोक बगतत.”

“बगांदेत.”

दक्षिणेच्या दोराचा पहिला माणूस, मालवणच्या स्टँडवर, चारचौघांत, हळूहळू डावा हात वर न्यायला लागला. खांद्याच्या थोडा वर आला आणि त्याची कंबर वाकडी झाली.

“कंबार सरळ,” तेजस्वी म्हणाली. “परत.”

त्यानं हात खाली घेतला, कंबर सरळ केली आणि परत वर न्यायला लागला.